पिशवीतलं निनावी लोखंड

१८७३ चा हिवाळा आहे आणि तुम्ही कॅन्ससच्या माळावर बसला आहात. डॉज सिटी मागे, उत्तरेला राहिली. तिथे सँटा फे रेल्वे येऊन जेमतेम वर्ष झालंय आणि रुळांच्या कडेला कातड्यांच्या थप्प्या लागल्या आहेत. इथे नजर पोचेल तिथवर झाड नाही, म्हणून शेकोटी पेटली आहे ती बायसनच्या वाळक्या शेणावर. गवऱ्यांच्या धुराची सवय असलेल्या नाकाला एवढी एक गोष्ट तरी परकी वाटत नाही.

तुमच्या खांद्याला गोणपाटाची पिशवी आहे. आत लोखंडाचे आणि पितळेचे काही नग. त्यांची नावं तुम्हाला ठाऊक नाहीत. इतकंच कळलंय की एकदा झाडलेली काडतुसं पुन्हा भरायला ही अवजारं वापरत. कुणी, कुठे, केव्हा, हे विचारत तुम्हाला फिरायचं आहे. पहिला मुक्काम चुकलेला नाही. शेकोटीपलीकडे बसलेला माणूस दिवसा कातड्यांसाठी बायसन मारतो आणि रात्री काडतुसं भरतो.

तयार काडतूस त्याला मिळत नाही असं नाही. डॉज सिटीच्या दुकानात पेट्याच्या पेट्या आहेत. पण काडतुसातला महागाचा भाग म्हणजे पितळेची पुंगळी, आणि ती झाडल्यावर मोडत नाही. दारू आणि शिसं सुटं घेतलं तर स्वस्त पडतं. तेव्हा शहाणा शिकारी पुंगळ्या वेचून आणतो, त्या धुतो (काळ्या दारूची राख पितळ खाते, धुतल्याशिवाय सुटका नाही) आणि परत भरतो.

पळीत शिसं वितळतंय, त्यात चिमूटभर कथील. नुसतं शिसं फार मऊ पडतं. साचा उघडतो, चकचकीत गोळी घोंगडीवर पडते, पुन्हा साचा मिटतो. गार झालेल्या गोळ्यांना तो ओल्या पातळ कागदाचे वेढे देतो आणि कागदाचं टोक गोळीच्या बुडाशी पिळून दाबतो. कागद वाळला की गोळीला घट्ट बसेल. नळीतल्या आट्यांना मग शिसं घासणार नाही, कागद घासेल आणि बाहेर पडताच गळून जाईल. दारूचा डबा मात्र त्याने शेकोटीपासून लांब, गाडीपलीकडे ठेवला आहे. तिकडे तो पाईप विझवूनच जातो.

तुम्ही पिशवीत हात घालता आणि पहिली वस्तू बाहेर काढता. वीतभर दांडा, टोकाला अणकुचीदार आकडा, आकड्याच्या मागे एक टेकू. तो न विचारता ती हातातून घेतो. एक पुंगळी उचलतो, उलटी धरतो, बुडाशी असलेल्या तांब्याच्या टोपीत आकड्याचं टोक रुतवतो, टेकू पुंगळीच्या कडेवर ठेवतो आणि दांडा खाली दाबतो. वापरलेली टोपी टुणकन उडून गवतात जाते. "असंच माझ्याकडे आहे, गड्या," तो म्हणतो, "फक्त तुझं जास्त धारदार दिसतंय." आणि परत देताना जरा रेंगाळतो.

हे अवजार असंच का, हे त्या पुंगळीच्या आत डोकावल्यावर कळतं. आत, बुडाशी, मधोमध एक उंचवटा आहे आणि त्याच्या दोन बाजूंना दोन बारीक भोकं. काडतुसाची टोपी म्हणजे स्फोटक लावलेली छोटीशी वाटी. बंदुकीचा दट्ट्या तिच्यावर आदळतो तेव्हा ते स्फोटक कशावर तरी चिरडलं गेलं पाहिजे. त्या 'कशावर तरी'ला ऐरण म्हणतात. हायरम बर्डन नावाच्या अमेरिकन कर्नलने ती ऐरण पुंगळीतच घडवली, म्हणून मध्ये उंचवटा आणि ठिणगी आत जायला बाजूची भोकं. अशा पुंगळीत तोंडाकडून सरळ सुई घालून जुनी टोपी ढकलता येत नाही, सुई ऐरणीवर आपटते. टोपी बाहेरूनच उचकटावी लागते, आणि त्याला हा आकडा लागतो.

त्याच सुमारास, १८६६ मध्ये, इंग्लंडात वुलिचच्या रॉयल लॅबोरेटरीत एडवर्ड बॉक्सर यांनी दुसरी वाट काढली. ऐरण टोपीच्याच पोटात, पुंगळीला मधोमध एकच भोक. सुई घातली, ठोकली, टोपी बाहेर. नंतर गंमत झाली ती अशी की अमेरिकेने इंग्रज बॉक्सरची पद्धत घेतली आणि युरोपने अमेरिकन बर्डनची. म्हणून पिशवीतल्या वस्तूला आकडा आहे की सुई, हा पहिला प्रश्न. आकडा असेल तर ती बर्डन टोपीची. मग ती युरोपातली असेल किंवा अमेरिकेतल्या या जुन्या काळातली. शिक्का पुसला गेला असला तरी एवढं कळतंच. माझ्या मते शिक्क्यापाशी थांबणाऱ्यांची सगळ्यात जास्त फसगत होते. शिक्का कुणीही मारतो. अवजाराला काय करायचं आहे हे मात्र त्याच्या आकारातून लपत नाही.

दुसरी वस्तू तुम्ही पुढे करता. दोन लोखंडी दांडे एका खिळ्यावर फिरणारे, हुबेहूब अडकित्ता. फक्त पात्याच्या जागी भोकं, खोबण्या आणि अगदी टोकाला गोळीचा साचा. शिकारी साचा ओळखतो, उघडून बघतो, त्यात गोळी किती लहान पडेल याचा अंदाज घेऊन हसतो. त्याच्या रायफलच्या नळीत अर्ध्या इंचाची गोळी जाते. पण बाकीच्या भोकांचं काय, ते त्याला सांगता येत नाही. त्याने असलं काही पाहिलेलंच नाही. ही माहितीही कामाची आहे: तुम्ही फार लवकर आला आहात.

निघताना अंधारात कातडी सोललेल्या जनावरांचा वास येतो. या आणि अशा शेकोट्यांवर भरलेल्या काडतुसांनी पुढच्या दहा-बारा वर्षांत हा माळ रिकामा केला. कोट्यवधींच्या कळपांतले रानातले बायसन १८८० च्या दशकाअखेर काही शेच उरले. तुमच्या हातातला आकडा त्या कामाचा साक्षीदार आहे. संग्राहक त्याला तेल लावून मखमलीवर ठेवतात तेव्हा हे कुणी बोलत नाही.

दोन हजार किलोमीटरहून अधिक पूर्वेला आणि बावीस वर्षं पुढे. १८९५, कनेक्टिकट राज्यातलं न्यू हेवन. हे शहर बंदुकांवर जगतं. विंचेस्टरचा अवाढव्य कारखाना इथे आहे, मार्लिनचाही इथेच. पण तुम्हाला जायचंय ते एका लहान कारखान्यात, जॉन बार्लो यांच्या आयडिअल मॅन्युफॅक्चरिंग कंपनीत. ती १८८४ मध्ये सुरू झाली. बंदूक ती बनवत नाही, काडतूसही नाही. फक्त काडतूस पुन्हा भरायची अवजारं.

पट्ट्यांवर चालणाऱ्या यंत्रांच्या घरघरीत तुम्ही तो अडकित्ता एका कारागिरासमोर धरता. इथे ओळख पटायला क्षणही लागत नाही. तो अंगठ्याने गंज पुसतो आणि अक्षरं वर येतात: '४४ डब्ल्यू.सी.एफ.' विंचेस्टर सेंटर फायर. १८७३ च्या विंचेस्टर रायफलीचं हे काडतूस. पुढे कोल्टने आपलं रिव्हॉल्व्हरही त्याच मापात काढलं, म्हणजे कमरेला आणि खोगिराला एकच दारूगोळा पुरे. आणि हे अवजार त्या एकाच मापाचं आहे. ३८ ची पुंगळी त्यात बसणार नाही. काउबॉयच्या खोगिराच्या पिशवीत मावेल एवढ्या लोखंडात बार्लोंनी अख्खं वर्कशॉप कोंबलं होतं.

कारागीर तुमच्याकडून ते घेऊन दाखवतो. एका ठिकाणी पुंगळीची वापरलेली टोपी निघते. दुसऱ्या खोबणीत पुंगळी सरकवून दांडे आवळले की नवी टोपी बुडात बसते. मधल्या भोकात दारू भरलेली पुंगळी आणि तिच्यावर गोळी ठेवून आवळलं की गोळी आत जाते आणि पुंगळीचं तोंड तिच्याभोवती मिटतं. टोकाचा साचा गोळ्या पाडायला. इतकं सगळं सोयीचं असून एक खोट राहिलीच: साचा तापला की दांडे तापतात आणि दांड्यांना लाकडी मुठी नाहीत. हातात चिंधी किंवा हातमोजा घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. तुमच्या नगाचं टोक तपकिरी-निळसर झालंय आणि बाकी अंगावर निकेलचा मुलामा अजून तग धरून आहे, तो याचाच पुरावा. म्हणजे हा नग कुणाच्या तरी रोजच्या वापरात होता. साचा कोरा आणि दांडे झिजलेले असते, तर मालक गोळ्या विकत आणत होता असं समजायचं.

इथे थांबून विंचेस्टरच्या अवजारांकडेही बघून घ्या, कारण लोक सर्वांत जास्त चुकतात ते तिथे. विंचेस्टरच्या हातअवजारांवर पेटंटच्या तारखा ठळक कोरलेल्या असतात: कुठे १८७४, कुठे त्याच्या जोडीला १८८२, नव्या घडणीवर १८९४. तारीख वाचली की माणूस हरखतो आणि म्हणतो, हे अवजार १८७४ चं! तसं नाही. ती तारीख हक्क नोंदवल्याची. त्या दिवसाआधी हे बनलं नसणार एवढंच ती सांगते. त्यानंतर कारखान्याने तोच ठसा कितीतरी वर्षं वापरला. खरी कालमर्यादा दुसऱ्या बाजूने काढावी लागते, म्हणजे त्यावर कोरलेलं काडतूस बाजारात केव्हा आलं त्यावरून. १८७४ चं पेटंट आणि १८९४ नंतर आलेल्या काडतुसाचं नाव एकाच अंगावर असेल, तर वाद मिटला.

आयडिअलच्या साच्यांवरचे आकडे पुढे याहून बोलके झाले. ३११२८४ असं काही लिहिलेलं दिसलं तर तो कुठलाही अनुक्रमांक नव्हे. पहिले तीन आकडे म्हणजे गोळीचा व्यास, इंचाच्या हजाराव्या भागांत, ०.३११, उरलेले आकडे त्या गोळीच्या आकाराची ओळख, म्हणजे साचा कोरणाऱ्या कटरचा क्रमांक. हे एकदा डोक्यात बसलं की जुन्या बाजारात गंजक्या साच्यांचा ढीग उपसायला वेगळीच मजा येते.

आता उलटं, थोडं मागे आणि फार दूर. १८९१ चा भाद्रपद. खंडाळ्याच्या घाटमाथ्यावर एक बंगला, बाहेर पाऊस पडतोय आणि थांबतोय, थांबतोय आणि पडतोय. खडकीच्या छावणीतला एक इंग्रज अधिकारी खालच्या भातखाचरांत पाणलाव्यांच्या शिकारीला आला आहे. साहेब आत झोपलाय. व्हरांड्यात, टेबलाशी, त्याचा मावळातला शिपाई उद्याची काडतुसं भरतोय. साहेबांच्या शिकारीच्या आठवणींची पुस्तकं पुष्कळ छापली गेली. काडतूस भरणारे हात त्यांत क्वचित दिसतात.

तुम्ही पिशवीतून तिसरी वस्तू काढता. बिडाची, जड, खाली टेबलाच्या कडेला आवळायचा स्क्रू, एका बाजूला लाकडी मुठीचं हँडल, दुसऱ्या बाजूला एक सरकता दट्ट्या. जुन्या वस्तूंच्या दुकानात ही हमखास स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवलेली असते. शिपाई बघतो आणि बोटाने आपल्या टेबलाकडे दाखवतो. तिथे तसंच एक लावलेलं आहे.

"बसा की पावणं," तो म्हणतो. "येतंय का फिरवाया?"

त्याच्यापुढे बारा बोअरच्या कागदी पुंगळ्या मांडलेल्या आहेत. कागदाची नळी, बुडाला पितळेचं टोपण. बारा बोअर म्हणजे काय, हे कुणी सहसा सांगत नाही: नळीत नेमकी बसेल अशी शिशाची गोळी घ्या, एका पौंडात अशा बारा गोळ्या भरल्या की ती बारा बोअर. व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. त्यामुळे आकडा वाढला की नळी बारीक होते, सोळा बोअर बारापेक्षा लहान. तुमच्या बिडाच्या यंत्रावरही कुठेतरी '१२' कोरलेलं असणार. शोधा. आहे, हँडलच्या मागे.

तो पितळी मापाने दारू घेतो. तशाच मापाचा भाऊ तुमच्या पिशवीतही आहे: लाकडी मुठीचा पेला, आतला तळ वरखाली सरकतो, दांड्यावर दोन बाजूंना दोन प्रकारचे आकडे. एका बाजूला ड्रॅम, दारूसाठी. दुसऱ्या बाजूला औंस, छर्ऱ्यांसाठी. एकाच पेल्याने दोन्ही कामं. बुडाशी इंग्रजी अक्षरं आहेत, शेफील्डच्या जेम्स डिक्सन अँड सन्सची. दारूचे पेले, छर्ऱ्यांच्या थैल्या, ठासणीच्या बंदुकीच्या काळापासूनची पितळी दारूपात्रं, यांत शेफील्डच्या डिक्सन आणि हॉक्सली या दोन घराण्यांचा दबदबा होता. त्यांची नावं वसाहतींत सगळीकडे सापडतात.

दारूवर पुठ्ठ्याची चकती, तिच्यावर नमद्याचा जाड डाट, त्यावर छर्रे, छर्ऱ्यांवर आणखी एक पातळ चकती. नमद्याचे डाट संपले तेव्हा शिपायाने साहेबाची जुनी फेल्ट हॅट कापायला घेतली होती. पोलादी पंच आणि हातोडीने गोल डाट कापले. तो पंचही अशा पिशव्यांत निघतो आणि खोगीरवाल्याचा म्हणून विकला जातो. दोन गोष्टी तपासा. अंगावर १२, १६ किंवा २० असा बोअरचा आकडा आहे का, आणि धारेचा व्यास नळीहून किंचित मोठा आहे का. डाट नळीत घट्ट बसायला हवा, म्हणून तो नेमक्या मापाचा कधीच नसतो.

मग यंत्र. भरलेली पुंगळी आडवी धरायची, तिचं तोंड यंत्राच्या खोलगट वाटीत, बुडाला दट्ट्या. एका हाताने दट्ट्या दाबायचा, दुसऱ्याने हँडल फिरवायचं. वाटीतल्या खोबणीत कागदाची कड आत वळते आणि चकतीवर गोल गुंडाळली जाऊन बसते. सुरकुती नाही, फट नाही.

"आस्ते, आस्ते. कागूद दमट झालाय, फाटंल."

तुमचा पहिला फाटतो. तो हसत नाही, दारू आणि छर्रे वेगवेगळे काढून घेतो आणि पुंगळी बाजूला टाकतो. दमट हवेत कागद फुगतो, फुगलेली पुंगळी नळीत अडकते. म्हणून त्याच्याकडे एक पोलादी कडी आहे. भरलेलं प्रत्येक काडतूस तो तिच्यातून सारून बघतो. जे अडेल ते नळीतही अडणार. आणि तरीही अडकलंच तर उपाय म्हणून खिशात एक चपटा पितळी तुकडा असतो, अर्धगोल खाच असलेला, तोही '१२' लिहिलेला. ती खाच काडतुसाच्या कडेखाली घालून ओढायचं. या क्षुद्र दिसणाऱ्या तुकड्यांना लोक बाटली उघडणी समजतात. घाटातल्या पावसात तोच सर्वांत मोलाचा.

साहेबाला ही बंदूक बाळगायला परवाना लागत नाही. १८७८ च्या शस्त्र कायद्याने तो शिपायाला लागतो, त्याच्या गावच्या पाटलाला लागतो. युरोपीय माणसाला सूट आहे. शिपायाच्या चुलत्याकडची ठासणीची बंदूक रानडुकरं हाकायला होती, तिचं काय झालं हे तो सांगत नाही. दुसऱ्याच्या बंदुकीची काडतुसं तो बिनचूक भरतो.

पेल्याबद्दल एक गोष्ट इथेच सांगायला हवी, आणि ती नुसती इतिहासाची नाही. हे माप काळ्या दारूसाठी आहे. १८६० च्या दशकापासून बिनधुराच्या दारू येऊ लागल्या तेव्हा शुल्ट्झ आणि ई.सी. या दारू बनवणाऱ्यांनी मुद्दाम त्या फुसफुशीत ठेवल्या, म्हणजे जुन्याच मापाने भरता याव्यात. काही पेल्यांवर त्यांची नावं कोरलेली दिसतात, तो नग मग आपोआप त्या दारू आल्यानंतरचा ठरतो. पण बॅलिस्टाइटसारख्या दाट दारू वजनानेच घ्यायच्या असतात. त्या ड्रॅमच्या पेल्याने भरल्या की नळी फुटते आणि बोटं जातात. जुना पेला फळीवर शोभतो. त्याला कामाला लावू नये. शिवाय आपल्याकडच्या १९५९ च्या शस्त्र कायद्याने दारूगोळ्याच्या व्याख्येत तो बनवायची यंत्रसामग्रीही घेतली आहे, तेव्हा बाजारात असं काही दिसलं तर पितळेचा भाव करण्याआधी कायदा विचारलेला बरा.

पुढचा मुक्काम सॅन फ्रान्सिस्को, पण तिथे फार वेळ काढायचा नाही. १९०६ चा एप्रिल आहे आणि हॅरी पोप यांनी इथे नुकतंच दुकान थाटलं आहे. त्यांनी घडवलेल्या रायफलीच्या नळ्यांसाठी नेमबाज वर्षानुवर्षं थांबत. पोपच्या रायफलीचा खेळच निराळा होता: एकच पुंगळी पुन्हा पुन्हा भरायची, गोळी मात्र नळीच्या पुढच्या तोंडातून आत ढकलायची. त्यासाठी गोळीचा साचा, गोळी ढकलायचा दांडा, टोपी काढ-घाल करणारा छोटा चिमटा, सगळं त्या एका नळीच्या बेताने बनवलेलं. १८ एप्रिलच्या भूकंपात आणि त्यामागून आलेल्या आगीत ते दुकान गेलं. पोपचा साचा एकटा हाती लागला तर तो कुणाचा हे ओळखता येतं, पण कुठल्या रायफलीचा हे रायफल समोर आल्याशिवाय नाही. काही अवजारं जोडीनेच ओळखायची असतात.

पिशवीत एकच नग उरलाय. बोटभर लांबीची पोकळ पोलादी नळी, बाहेरून बारीक आटे, एका टोकाला खरबरीत डोकं. त्यावर '३०-०६'. हे काडतूस अमेरिकी लष्कराने १९०६ मध्ये घेतलं, म्हणजे त्याच्या आधीचं काही शक्यच नाही. तुम्ही १९५० मध्ये उतरता, कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलला, फेदर नदीकाठी. सात वर्षांपूर्वी इथल्या एका लाँड्रीच्या मागल्या खोलीत फ्रेड हंटिंग्टन यांनी वापरलेल्या .२२ च्या पुंगळ्या दाबून त्यांच्यापासून गोळ्यांची वेष्टणं बनवायची डाय, म्हणजे दाबायचा पोलादी साचा, तयार केली. रॉक चक म्हणजे खारीच्या कुळातला पण बराच मोठा प्राणी. त्याच्या शिकारीच्या गोळ्या दाबणारी ती डाय, म्हणून रॉक चक बुलेट स्वेज, त्यावरून कंपनीचं नाव आरसीबीएस. युद्धात गोळ्या मिळत नव्हत्या, त्यातून हा धंदा उभा राहिला.

दुकानातल्या मेजावर बोल्टने आवळलेला लोखंडी प्रेस आहे, लांब दांड्याचा. झाडलेली पुंगळी फुगते. तिला पुन्हा मूळ मापावर आणायला डायमध्ये पूर्ण दाबावी लागते, आणि रायफलीच्या लांब पुंगळीला एवढा जोर मनगटाने लावता येत नाही. अडकित्त्याच्या घाटाची जुनी अवजारं फक्त पुंगळीची मान आवळू शकत. म्हणून अवजारं खोगिराच्या पिशवीतून उतरून मेजावर आली आणि तिथे पक्की बसली.

तुम्ही नळी पुढे करता. दुकानातला माणूस ती प्रेसच्या डोक्यावरच्या भोकात फिरवून बसवायला जातो, आणि ती सरळ आरपार खाली पडते.

तो ती उचलतो, मायक्रोमीटर लावतो. त्याच्या प्रेसचं भोक पाऊण इंचाहून मोठं, सात अष्टमांश, इंचाला १४ आटे. आता जवळजवळ सगळे तेच माप वापरतात. तुमची नळी ०.६०९ इंच, इंचाला ३० आटे. तो मान हलवतो. हे प्रेसचं नाही, हातातल्या चिमट्याचं आहे, लायमनचं. बार्लोंची आयडिअल कंपनी १९१० मध्ये मार्लिनकडे गेली, तिथून फिरत फिरत १९२५ मध्ये मिडलफील्डच्या लायमनकडे आली. लायमनने त्या चिमट्याला आटेवाल्या, बदलता येणाऱ्या डाय दिल्या. अंगावर पत्ता न्यू हेवनचा असेल तर जुनं, मिडलफील्डचा असेल तर १९२५ नंतरचं, एवढं तो जाता जाता सांगतो.

तुम्ही आशेने ४४ वाला अडकित्ता काढून त्याच्यापुढे ठेवता. तो भोकात बोट फिरवतो. आत आटे नाहीत, भिंत गुळगुळीत आहे. बार्लोंच्या कारागिरांनी तिथे पुंगळीचं घर थेट लोखंडात कोरलं होतं. ही नळी त्याच्यासाठी कधी बनलीच नव्हती. म्हणजे पिशवी एका माणसाची नाही, निदान दोन वेगळ्या पिढ्यांची सामग्री तिच्यात मिसळली आहे, आणि ३०-०६ च्या नळीचा खरा चिमटा तिच्यात नाही. तो वेगळा शोधावा लागेल: दांडे तसेच, पण भोकाला आतून बारीक आटे, इंचाला ३०.